कोकणातला घरखर्च, आगोट आणि सणकार्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल लागला की आगोटीचे, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे प्रश्न येतात, श्रावणात गणपतीचे, आणि लग्नसराईत जेवणाच्या पानांच्या हिशेबाचे. बचत गटाच्या बैठकीत, फोनवर, बाजारात भेटल्यावर जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले जातात ते इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. घरखर्च हाताबाहेर चाललाय. सुरुवात कुठून करू?

महिन्याच्या नाही, वर्षाच्या हिशेबापासून करा. कोकणातल्या घराचा खर्च दर महिन्याला सारखा नसतो. एप्रिल-मेमध्ये आगोट, लग्नं आणि पाहुण्यांची वर्दळ, जूनमध्ये वह्या-पुस्तकं, मग गणपती, तुळशीच्या लग्नानंतर जत्रा आणि फाल्गुनात शिमगा. आंबा-काजूचे पैसे मात्र एकदाच हातात येतात, आणि पगार असला तर तो बारा महिने तेवढाच.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या प्रत्येक पानावर गेल्या वर्षी त्या महिन्यात कोणता मोठा खर्च झाला तो लिहा. बेरीज करा, बाराने भागा. तेवढी रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात गेली पाहिजे. भाजीवालीकडे दोन रुपयांसाठी घासाघीस करणारी घरं गणपतीला साखर उधारीवर आणतात. गणपती येणार हे सगळ्यांना माहीत असतं, त्याचे पैसे मात्र कुणी बाजूला काढलेले नसतात. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडचा पैसा रोजच्या बाजारात जात नाही, तो चार मोठ्या प्रसंगांत जातो. म्हणून या पानावर सणकार्याचे प्रश्न जास्त आहेत.

२. आता दुकानं पावसातही उघडी असतात. मग आगोट भरायची गरज काय?

पूर्वीसारखी पूर्ण आगोट भरायची गरज नाही. अर्धी भरा, पण विचार करून भरा.

साखर, चहा, साबण, तेल यांचा आगोटीशी काही संबंध नाही. ते जुलैतही जवळपास त्याच भावाने मिळतात. त्यात चार महिन्यांचे पैसे अडकवू नका. ज्या वस्तू उन्हाळ्यातच तयार होतात किंवा पावसात सुकवता येत नाहीत, त्यांना मात्र आगोटीशिवाय पर्याय नाही: सुकी मासळी, आमसुलं, कोकमाचं आगळ, फणसाची साठं, आंब्याची साठं, सांडगी मिरची, पापड-फेण्या, वर्षाचा मसाला आणि कांदे. आमसूल करायचं तर रातांब्याची (कोकमाच्या फळांची) सालं त्याच्याच रसात पुन्हापुन्हा भिजवून कडक उन्हात सुकवावी लागतात. एकदा मिरग (मृग नक्षत्र) लागला की ते शक्य नसतं, आणि श्रावणात बाजारात घ्यायला गेलं की त्या मेहनतीचे पैसे मोजावे लागतात.

कांद्यात एक युक्ती. रायगडकडे मिळणारा अलिबागचा पांढरा कांदा वेणी करून विकतात. ती वेणी वासावर हवेशीर टांगली तर पावसाळा काढते. पोत्यात भरलेला कांदा मात्र जुलैच्या मध्यावर खालून सडायला लागतो. त्यामुळे गोणीचा भाव स्वस्त दिसला तरी शेवटी महाग पडतो.

३. भरलेलं धान्य पावसात खराब होतं. काय, किती दिवसांचं घ्यावं?

आपल्या हवेत ओल हा मोठा शत्रू आहे, त्यामुळे देशावरच्या नातेवाइकांचं बघून वर्षाची डाळ भरू नका. तूरडाळ, मूगडाळ तीन-चार महिन्यांची पुरे. रवा, मैदा, बेसन, पोहे महिन्याभराचे. कुळीथ, वाल, चवळी, पावटे हे आपल्याच भागात भातानंतर पिकतं. ते उन्हाळ्यात शेतकऱ्याकडून घेऊन दोन-तीन कडक उन्हं दाखवून पत्र्याच्या डब्यात ठेवलं तर चांगलं टिकतं. कुळथाची पिठी ज्या घरात आहे तिथे पावसात भाजीवाचून अडत नाही.

तांदळाचं गणित वेगळं आहे. जमत असेल तर तांदूळ न घेता भात घ्या. टरफलातला दाणा जास्त टिकतो, लागेल तसं गिरणीवर भरडून आणता येतं. १०० किलो भातातून साधारण ६५ किलो तांदूळ मिळतो. भरडणावळ धरा, कणी आणि कोंड्याची किंमत वजा करा आणि मग दुकानातल्या भावाशी ताडून बघा. कणीची पेज होते, पीठ करून घावणे होतात, त्यामुळे ती फुकट जात नाही. भाव पडलेला असतो तो कापणीनंतर, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. मे महिन्यात शेतकऱ्याकडे जाल तर त्याने सहा महिने सांभाळलेल्या भाताचे जास्त पैसे द्यावे लागतील, आणि ते रास्तही आहे.

किडीसाठी कडुनिंबाचा किंवा निर्गुडीचा वाळलेला पाला पुरतो. धान्याच्या कोठारात वापरतात त्या विषारी गोळ्या घरात आणू नका. त्यातून निघणारा वायू बंद खोलीत जीव घेतो. थोडं धान्य वाचवण्यासाठी ही जोखीम कुणीही घेऊ नये.

४. सुकी मासळी कधी घ्यावी? गेल्या वर्षी आणलेल्या सुकटीला महिन्यात बुरशी आली.

एप्रिलच्या शेवटापासून मे महिन्याच्या मध्यापर्यंत घ्या. मेच्या शेवटच्या आठवड्यात चाकरमानी (मुंबईला नोकरी करणारे गावकरी) परतीच्या पिशव्या भरतात आणि भाव चढतो. ढग जमायला लागले की अर्धवट वाळलेला मालही बाजारात येतो.

बुरशी आली ती बहुधा डब्यामुळे नाही, माल ओला होता म्हणून. जवळा मूठभर घेऊन घट्ट दाबा आणि मूठ उघडा. कोरडा असेल तर तो लगेच सुटा होऊन बोटांतून खाली पडतो, ओला असेल तर गोळा तसाच राहतो आणि तळहात चिकट लागतो. बोंबील मोडून बघा. तो कट्ट आवाज करून मोडला पाहिजे, वाकला तर घेऊ नका. वजनावर घेताना ओल्या मालात तुम्ही पाण्याचे पैसे देत असता. सोडे (सुकी कोळंबी) महाग असतात, तिथे तर हे जरूर बघा.

घरी आणल्यावर पुन्हा एक ऊन द्या, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गरम असताना भरली की झाकणाला घाम सुटतो. एका मोठ्या डब्यापेक्षा चार लहान डबे बरे, म्हणजे रोज सगळा साठा उघडा पडत नाही. श्रावणात एखादा उन्हाचा दिवस मिळाला की बाहेर काढा. फ्रीजरवर विसंबू नका. आपल्याकडे पावसात वीज गेली की कधी येईल याची खात्री नसते.

५. ताजे मासे परवडेनासे झालेत. कोकणात राहून असं कसं?

सुरमई, पापलेट, सरंगा एवढीच मासळी धरली तर परवडणार नाही. बांगडा, तारली, मांदेली, खाडीतली बारीक मासळी ही रोजची. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बांगडा, तारली जाळ्यात भरपूर लागते तेव्हा भाव उतरतो, तेव्हा पोटभर खा.

भाव दिवसानुसारही हलतो. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि संकष्टीला बरीच घरं मासे खात नाहीत. त्या दिवशी तुमच्या घरी चालत असेल तर बाजारात जा. श्रावणात पाळणारी माणसं जास्त असल्याने मागणी कमी होते. याउलट आषाढाच्या शेवटी, श्रावण लागण्याआधीच्या रविवारी कधीच जाऊ नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे तेव्हा ताज्या म्हणून मिळणाऱ्या समुद्री मासळीत बर्फातला माल बराच असतो. त्या दोन महिन्यांसाठीच प्रश्न ४ मधली बेगमी.

बंदराजवळ राहणाऱ्यांनी चार घरं मिळून लिलावात एक टोपली घ्यावी. हर्णैच्या किनाऱ्यावर किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात लिलाव कसा चालतो ते आधी दोनदा नुसतं उभं राहून बघा. टोपली घरी आणून वाटे पाडले की प्रत्येकाला बाजारापेक्षा बरं पडतं. बाजारात घ्यायचं तर कोळणीकडून वाटा घ्या, आणि एकाच कोळणीकडे नेमाने जा. रोजच्या गिऱ्हाइकाला ती शिळं देत नाही. तिच्याशी शेवटच्या दहा रुपयांसाठी भांडू नका. ती पहाटेपासून बंदरावर उभी असते.

६. मसाला घरी करणं स्वस्त पडतं की तयार घेणं?

वर्षाला तीन-चार किलो मसाला लागत असेल तर घरचा नक्की स्वस्त आणि चांगला पडतो. महिन्याला पाव किलोही लागत नसेल तर बचत गटाकडून तयार घ्या. नवी मिरची फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येते. मे महिन्यात सगळ्यांनाच हवी असते आणि डंखावर (मसाला कुटायच्या गिरणीवर) रांग लागते, म्हणून मार्चमध्ये मिरची घेऊन देठं काढून, उन्हं देऊन ठेवा. रंगाला बेडगी, तिखटाला लवंगी किंवा संकेश्वरी. सगळी बेडगी घालायची गरज नाही. शेजारच्या दोन घरांनी मिळून कुटलं तर गरम मसाल्याचं सामान घाऊक घेता येतं, आणि खरी बचत तिथेच होते. वेलची, दगडफूल, नागकेशर दहा-वीस ग्रॅमच्या पुड्यांत घेतलं की अतोनात महाग लागतं. भरताना बरणीत हिंगाचे खडे घाला आणि ओला चमचा कधीही नको.

७. मोठं पाकीट म्हणजे स्वस्त, हे खरं का?

बऱ्याचदा हो, नेहमी नाही. पाकिटावर एमआरपीजवळ बारीक अक्षरांत प्रति ग्रॅम, प्रति किलो किंवा प्रति लिटर किंमत छापलेली असते. तीच बघा. तेलाच्या पिशवीत विशेष लक्ष द्या. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, पण हल्ली तशाच दिसणाऱ्या पिशव्यांत ८५० किंवा ८०० ग्रॅमही असतं. पिशवी दहा रुपयांनी स्वस्त दिसते आणि तेल दहा टक्के कमी असतं.

कराचंही समजून घ्या. पाकीटबंद, लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या तांदूळ-डाळ-पिठावर ५ टक्के जीएसटी लागतो, सुट्यावर लागत नाही. म्हणून काही दुकानांत २६ किलोची गोण दिसते. दोन घरांनी मिळून ती घेतली तर फरक पडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंघोळीचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, खोबरेल तेल, तूप, लोणी यांवर ५ टक्केच कर आहे. एमआरपीमध्ये सगळे कर धरलेले असतात, त्यावर वेगळा कर कुणी मागितला तर देऊ नका. तक्रार करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

८. मुलगा मुंबईहून येताना महिन्याचं सामान आणतो म्हणतो. आणू दे का?

साबण, धुण्याची पावडर, चहा, सुकामेवा, डबाबंद वस्तू मोठ्या सवलतीत मिळाल्या तर आणू दे. तांदूळ, डाळ, साखर नको. एसटीत किंवा गाडीच्या डब्यात वीस किलोचं ओझं चढवायचं-उतरवायचं, स्टेशनपासून रिक्षा करायची, हे सगळं धरलं की किलोमागे वाचलेले पाच रुपये उरत नाहीत. शिवाय गावातला वाणी चालला पाहिजे. मुसळधार पावसात, रात्री पाहुणा आला असताना त्याच्याच फळीवर थाप मारतो आपण.

रेशनचं धान्य मात्र मुंबईत सोडू नका. कार्ड गावचं असलं तरी ‘एक देश एक रेशन कार्ड’मुळे मुलगा त्याच्या वाट्याचं धान्य मुंबईच्या दुकानात अंगठा लावून घेऊ शकतो, उरलेलं तुम्ही गावात घ्या. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदयला कुटुंबाला ३५ किलो धान्य मोफत आहे. घरातल्या सगळ्यांची ई-केवायसी पूर्ण आहे का ते आधी बघा.

९. वाण्याकडे वहीवर घेतो. त्यात नुकसान आहे का?

वही वाईट नाही, न वाचलेली वही वाईट. दर वेळी रक्कम स्वतःच्या डायरीत लिहा आणि पंधरा दिवसांनी जुळवा. लहान मुलाला वहीवर पाठवू नका. आंब्याचे पैसे आल्यावर पहिली वही मिटवा. मग वाण्याला म्हणा, पुढचे दोन महिने रोख देतो, भाव काय लावाल? रोखीच्या गिऱ्हाइकाला बहुतेक वाणी थोडं सोडतात.

१०. गणपतीला खर्च किती करावा? कमी केला तर देवाचं कमी केलं असं वाटतं.

हे वाटणं मी समजू शकते आणि म्हणूनच सांगते: देवाच्या भागाला हात लावू नका. मूर्ती, पूजा, नैवेद्य, पाच दिवस असोत की अकरा, तो भाग एकूण खर्चात लहानच असतो. मोठे आकडे येतात ते सजावट, विजेच्या माळा, पाहुण्यांची उठबस आणि कपड्यांचे.

मूर्तीसाठी पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराकडे, लवकर नेऊन द्या आणि उंची वाढवू नका. दर वर्षी दोन इंच वाढवायची चढाओढ काही घरांत आहे. मूर्ती जड झाली की आणायला गाडी, उचलायला माणसं, विसर्जनाला वेगळी तयारी, असा खर्च मागून येतच राहतो. सजावटीला आपली माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची पाना-फळांची चौकट, आहेच. आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीचा घड, कवंडळ, कांगण्या, तवसं, तेरडा हे सगळं आदल्या दिवशी मुलांना रानात घेऊन जाऊन आणता येतं. थर्माकोलच्या मखरावर राज्यात २०१८ पासून बंदी आहे आणि प्लॅस्टिकच्या फुलांचे पैसे दर वर्षी नव्याने जातात.

नारळ आधीपासून साठवा. असोला (न सोललेला) नारळ कोरड्या जागी महिनोन् महिने टिकतो, सोललेला टिकत नाही. मोदकांना, उसळींना, प्रसादाला किती लागतात ते गेल्या वर्षीच्या आकड्यावरून काढा आणि जुलैपासून पाच-दहा करत बाजूला ठेवा. चतुर्थीच्या आठवड्यातला नारळाचा भाव ऐकून पोटात गोळा येतो. गौरीला तिखटाचा नैवेद्य असलेल्या घरांनी मटणाची, कोंबड्यांची मागणी दहा दिवस आधी सांगून भाव ठरवून घ्यावा.

११. वाडीतल्या घरोघरी भजन असतं. एका घरी उसळ-पाव, दुसऱ्या घरी त्याहून जास्त. आम्ही काय करावं?

एकट्याने काही करू नका, ते जमणारही नाही. गणपतीच्या आधी वाडीची बैठक होते तेव्हाच ठरवा: प्रत्येक घरी चहा आणि एकच पदार्थ, तोही ठरलेला. जी वाडी हे ठरवते तिथे गरीब घरालाही भजन बोलावताना संकोच वाटत नाही. विषय काढायचा कुणी, हा खरा प्रश्न असतो. ज्याची ऐपत सगळ्यात जास्त त्यानेच काढावा. त्याने म्हटलं की बाकीचे सुटतात. ऐपत नसलेल्याने म्हटलं तर त्याच्याच घरची गोष्ट होते.

१२. गणपतीला, लग्नाला गावी येण्या-जाण्याचा खर्च कसा कमी होईल?

रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. तारीख मोजून ठेवा. एसटीत महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आहे. ओळखपत्र सोबत हवं. घरात बायका आणि वयस्क जास्त असतील तर खाजगी गाडी करण्याआधी हा हिशेब मांडा. वऱ्हाडासाठी एसटीची अख्खी बस प्रासंगिक करारावर मिळते. डेपोत आधी चौकशी करा.

१३. मे महिन्यात गावी लग्न आहे, तीनशे पानं. केटरर लावू की वाडीकडून करून घेऊ?

वाडीत उभी राहणारी माणसं किती आहेत त्यावर ठरवा. मे महिन्यात चाकरमानी आलेले असतात म्हणून हे शक्य होतं. तेच लग्न डिसेंबरात काढलंत तर कांदे चिरायलाही माणसं गोळा करावी लागतील, आणि मग केटररच बरा.

वाडीने करायचं तर एक चांगला आचारी आणि त्याच्या हाताखाली दोन माणसं पैसे देऊन ठेवा, बाकी वाडी. टोप, कढया, पराती बऱ्याच वाड्यांत मंडळाच्या असतात. परत देताना घासून, मोजून द्या आणि मंडळाला देणगी द्या. सामानाचा अंदाज असा: साध्या जेवणाच्या १०० पानांना १२ किलो तांदूळ, ३ किलो तूरडाळ, ५ किलो सुके काळे वाटाणे, १० किलो बटाटे आणि वाटपाला १५ ते २० नारळ. त्यावर एक गोड. दोन गोडांचा आग्रह सोडा, दुसरं पानात राहतं. सगळा तांदूळ एकदम शिजवू नका. दोन-तृतीयांश शिजवा, उरलेला मोजून पिशव्यांत बांधून ठेवा आणि दुसरी पंगत उठताना डोकी मोजून आधण ठेवा. उरलेला कोरडा तांदूळ घरी येतो, उरलेला भात मे महिन्याच्या उकाड्यात रात्रीपर्यंत टिकत नाही. वाढणाऱ्यांच्या हातात लहान डाव द्या आणि पंगतीतून दोनदा फिरवा. माणूस उपाशी राहत नाही आणि पानात टाकलं जात नाही.

आमंत्रण देतानाच घरटी एक की चूलबंद (घरातले सगळे) ते स्पष्ट सांगा. अर्धी गडबड तिथे होते. पाण्याचा खर्च विसरू नका. मे महिन्यात विहिरी तळ गाठतात आणि टँकर ऐन वेळी मागितला की दुप्पट पैसे पडतात. घरगुती सिलिंडरवर केटररने किंवा आचाऱ्याने धंद्याचा स्वयंपाक करणं बेकायदेशीर आहे, १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्या. केळीची पानं गावातच मिळतात, ताटं भाड्याने आणून धुवायचा खर्च वाचतो.

१४. लग्नापेक्षा हळदीलाच जास्त खर्च होतो. ती टाळता येईल का?

हळद लावणं टाळू नका, हळदीची रात्र आटोपती घ्या. मटण, दारू आणि साऊंड यांनी हळदीचं दुसरं लग्न झालं आहे. रात्री १० नंतर लाऊडस्पीकर चालत नाही, हा नियमच तुमच्या मदतीला आहे. हळद सकाळी लावा, घरच्यांचं जेवण करा. बेंजो (वाजंत्री पथक) हवाच असेल तर एका प्रसंगाला घ्या, दोन्हींना नको. वराच्या मित्रांना हे आवडणार नाही. पण कर्ज वराच्या बापाच्या नावावर असतं.

१५. आहेर घ्यावा की ‘आहेर आणू नये’ छापावं?

छापून बघा, पण जवळची माणसं आणतातच. माझ्या मते साडी, टॉवेल, टोपी, शर्टपीस हा आहेर पूर्ण थांबवावा. तो कुणी वापरत नाही, पेटीतून पेटीत फिरतो. पाकिटाचा आहेर मात्र पुष्कळ घरांना खरा आधार असतो, त्याला नाव ठेवू नये. आहेराची वही नीट ठेवा आणि परत करताना आलं तेवढंच द्या. वाढवून द्यायची चाल गरीब नातेवाइकाला पुढच्या लग्नाला न येण्याचं कारण देते.

व्याह्यांमधला मानपान साखरपुड्याच्या बैठकीत बोलून कागदावर लिहा: कुणाला काय, किती जणांना. मानपानाच्या नावाखाली पैसे, गाडी, फ्लॅट मागितला तर तो हुंडा आहे आणि १९६१ पासून गुन्हा आहे. दागिने घेताना त्यावरचा सहा अक्षरी एचयूआयडी (हॉलमार्कचा क्रमांक) बीआयएस केअर ॲपवर तपासा आणि घडणावळ किती टक्के ते बिलावर वेगळं लिहून घ्या. सोन्याचा भाव सगळीकडे जवळपास सारखा असतो, घासाघीस घडणावळीवरच होते.

१६. सासरकडचे म्हणतात, थाटातच पाहिजे. आम्हाला झेपत नाही. कसं सांगू?

आकड्यात सांगा. ‘साधं करूया’ म्हटलं की वाद होतो, प्रत्येकाचं साधं वेगळं असतं. ‘आमच्याकडे एवढे रुपये आहेत, यात काय काय बसवायचं ते आपण मिळून ठरवू’ म्हटलं की समोरचा माणूस विचार करायला लागतो. हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी, मामाने किंवा आत्याने बोलावं, मुलीने नाही. आणि उसने, व्याजाने आणून थाट करायचा असेल तर त्याचा मासिक हप्ता किती आणि तो कोण भरणार, हे वर-वधू दोघांसमोर मांडा. बहुतेक मुलं तिथेच थांबवतात.

१७. अधिक महिन्यात जावयाला वाण द्यायलाच हवं का?

२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून आहे, म्हणजे आगोटीच्या नेमक्या तोंडावर. अनारसे किंवा बत्तासे ३३ द्यायची पद्धत आहे. चांदीचं ताट, सोन्याची अंगठी ही नंतरची भर. दोन-तीन लेकी असतील तर सगळ्यांना सारखं आणि घरात करता येईल तेवढंच द्या. लेकीला आधीच फोन करून सांगा, म्हणजे तिला सासरी अवघडल्यासारखं होणार नाही.

१८. भिशी चांगली की बचत गट?

गणपती, आगोट यांसारख्या ठरलेल्या खर्चाला लहान भिशी चालते, पण दहा-बारा ओळखीच्या बायकांचीच, आणि वही सगळ्यांना दिसेल अशी. बोली लावून चालणारी, अनोळखी माणसाने चालवलेली, जास्त परताव्याचं आमिष दाखवणारी भिशी नको. आधी उचललेला माणूस मध्येच सोडून गेला तर हातात काही कागद नसतो. आजारपण, शिक्षण अशा मोठ्या गरजेला बँकेत खातं असलेला बचत गट बरा.

१९. घरी माणूस गेलं. बाराव्या-तेराव्याला चारशे माणसं जेवायला घालावीच लागतात का? इतर खर्चासारखा हा आधी ठरवता येत नाही.

नाही, घालावी लागत नाहीत. धार्मिक विधीला लागणारी माणसं मोजकी असतात. उरलेली पंगत ही रूढी आहे, आणि ती घराच्या सगळ्यात कठीण पंधरवड्यात येते. जिथे घरात कमावता माणूस गेला तिथे तर मी हात जोडून सांगेन की कर्ज काढू नका. नेमके हे दिवस असतात जेव्हा कुणी काही विचारत नाही आणि सगळे ‘आता मागे बघू नका’ म्हणतात.

घरच्यांना त्या वेळी नाही म्हणता येत नाही, म्हणून वाडीने आधीच ठराव केलेला असावा: दिवसकार्याला भाऊबंद आणि बाहेरगावचे नातेवाईक एवढेच, जेवण वरण-भात-भाजी, आणि प्रत्येक घरातून तांदूळ, डाळ किंवा नारळ शिधा म्हणून. हा ठराव कुणाच्या घरी दुःख नसताना करायचा. तुम्ही त्या घरचे नसाल तर तुमच्या हातात एवढं आहे: भेटायला जा, जेवायला थांबू नका, रिकाम्या हाताने जाऊ नका.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करा, या मुदतीत शुल्क लागत नाही. दाखल्याच्या जास्तीच्या प्रती तेव्हाच काढून ठेवा. बँक, पेन्शन, सातबारा सगळीकडे त्या लागतात.

२०. आई गावी एकटी असते. तिच्यासाठी आगोट किती भरायची?

प्रश्न २ आणि ३ मधलं प्रमाण इथे लावू नका. एकट्या म्हाताऱ्या माणसाला उन्हं देणं, डबे उतरवणं झेपत नाही, आणि साठा जास्त झाला की ती खराब होत आलेलं आधी खात बसते. लहान डबे, वाकावं लागणार नाही अशा फळीवर. सुकी मासळी पाव-पाव किलो, आमसुलं, कुळथाची पिठी, थोडे पोहे, मेतकूट. बाकी वाण्याला महिन्याचे पैसे ऑनलाइन पाठवून घरपोच द्यायला सांगा.

काटकसर करायची नाही अशा तीन गोष्टी आहेत. औषधं दीड-दोन महिन्यांची एकदम आणून ठेवा, रस्ता बंद पडला तरी खंड पडू नये. चांगली बॅटरी आणि तिचे जास्तीचे सेल द्या. आणि गॅसचा दुसरा सिलिंडर भरलेला असू द्या. सिलिंडर घरी देताना नोंदवलेल्या मोबाईलवर आलेला कोड विचारतात. तो नंबर वडिलांचा जुना, बंद पडलेला असेल तर मे महिन्यात गावी आलात की एजन्सीत जाऊन आधी बदलून घ्या.